मोरचूद, ऊन आणि डीएनए: बोर्डो संध्याकाळीच मारायची का?

येरळाकाठ (तासगाव तालुका)
नमस्कार मंडळी. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकली, मध्ये पाऊस पडून गेला, डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती डोक्यावर आहे, म्हणून बोर्डो (मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुन्याचं मिश्रण) चालू केलीय. पण आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय, तांब्याचे आयन अंगावर पडले आणि वरून ऊन लागलं की फ्री रॅडिकल तयार होतात, ते डीएनए तोडतात आणि पुढं कॅन्सर. सबब दिवसा बोर्डो मारू नका. खाली कुठल्यातरी शोधनिबंधातलं चित्र चिकटवलंय, काळ्या पट्टीवर पांढऱ्या रेघा.

गडी आता म्हणतोय मी चारनंतरच येणार, हजेरी मात्र पूर्ण द्यायची. चुलत्यांची हयात मोरचूद कालवण्यात गेली, ते हसतायत. यात खरं किती आणि हवा किती? जाणकारांनी सांगावं.

भडंग
भावा, चारनंतर येऊन पूर्ण हजेरी मागणाऱ्या गड्यानंच तो मेसेज लिवला असंल बघ. नाद खुळा डोकं.

मिरजेचा तंबोरा
येरळाकाठ, मेसेजमधला प्रत्येक शब्द सुटा घेतला तर खरा आहे, फक्त जोडणी फसली आहे. मी बायोकेमिस्ट्री शिकवायचो, आता निवृत्त आहे, त्यामुळे लांबण लागेल. सांभाळून घ्या.

आधी ऊन. अतिनील किरणांतला यूव्ही-सी वरच अडतो, जमिनीपर्यंत येत नाही. यूव्ही-बी, म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटरचा, थोडा येतो आणि तो डीएनए स्वतःच शोषतो. मग शेजारशेजारचे दोन थायमिन, किंवा थायमिन आणि सायटोसिन (डीएनएची ‘टी’ आणि ‘सी’ ही अक्षरं), एकमेकांना चिकटून बसतात. त्याला डायमर म्हणतात. यात धातू लागत नाही आणि फ्री रॅडिकलही (म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला, समोर दिसेल त्याला भिडणारा रेणू) लागत नाही. उन्हाने होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरमध्ये डीएनएचे जे बदल सापडतात ते बहुतांशी याच वळणाचे, ‘सी’च्या जागी ‘टी’. म्हणजे डीएनए बिघडवायला उन्हाला तुमच्या मोरचुदाची गरज नाही, ते एकटं पुरेसं आहे.

यूव्ही-ए (३१५ ते ४०० नॅनोमीटर) निराळा. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के हाच असतो आणि डीएनए त्याला जवळजवळ शोषत नाही. पण पेशीतली दुसरी द्रव्यं शोषतात: रायबोफ्लेविन (आपलं बी-२ जीवनसत्त्व), पॉर्फिरिन, अगदी मेलॅनिनसुद्धा. त्यांना मिळालेली ऊर्जा किंवा इलेक्ट्रॉन पुढे ऑक्सिजनकडे जातो. मग सिंग्लेट ऑक्सिजन, सुपरऑक्साइड आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं.

पेरॉक्साइड एकटं असताना डीएनएच्या फारसं वाटेला जात नाही. शेजारी फेरस लोह किंवा क्युप्रस तांबं (फेरिक आणि क्युप्रिकपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त असलेली रूपं) असेल तरच त्याचे तुकडे पडून हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्मतो. ही अभिक्रिया फेंटन नावाच्या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८९४ मध्ये मांडली, ती टार्टारिक आम्लावर. टार्टारिक म्हणजे तुमच्या द्राक्षातलंच आम्ल, हा आपला योगायोग.

आता खरी मेख. हायड्रॉक्सिल रॅडिकल इतका उतावळा असतो की जन्मल्यावर नॅनोसेकंदांत समोर येईल त्यावर आदळून संपतो. त्याची धाव काही नॅनोमीटरची. डीएनएच्या दोरीची जाडीच दोन नॅनोमीटर आहे. म्हणजे डीएनए तुटायला तांबं डीएनएला चिकटून बसलेलं हवं. हाताच्या कातडीवर उडालेला बोर्डोचा शिंतोडा आधी मेलेल्या पेशींच्या थरावर पडतो. त्या पेशींत केंद्रकच उरलेलं नसतं, तोडायला डीएनए कुठून येणार? तांबं किती आहे यापेक्षा ते कुठं आहे आणि कशाला धरून आहे, हे आधी विचारायचं.

येरळाकाठ
सर, कळलं. पण मग ते चित्र? ते तर खरं दिसतंय.

मिरजेचा तंबोरा
चित्र खरंच आहे. ते जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून पट्ट्यांत दाखवणारी थापी. एका नळीत निव्वळ डीएनए, त्यात तांब्याचे आयन, वर पेरॉक्साइड किंवा प्रकाश. नळीतलं तांबं थेट डीएनएतल्या ग्वानिनला (‘जी’ या अक्षराला) जाऊन चिकटतं, त्यामुळे तुटणारच. माणसाच्या पेशीत तसं मोकळं तांबं नसतंच म्हटलं तरी चालेल. यीस्टवर १९९९ मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा पेशीमागे एक सुटा तांब्याचा आयनसुद्धा भरला नाही. तांबं आत आलं की लगेच एखादं प्रथिन त्याला धरतं आणि जिथं लागतं तिथं पोचवतं. विल्सनच्या रोगात ही व्यवस्था मोडते. तिथं यकृतात तांबं साठतं आणि नासधूस करतं, अगदी अंधारात, उन्हाशिवाय.

सेंद्रिय पलूस
म्हणजे आम्ही म्हणत होतो तेच. तांबं नैसर्गिक आहे, बोर्डो सेंद्रिय शेतीतही चालते. रासायनिक बुरशीनाशकांचा धंदा चालावा म्हणून असले मेसेज सोडतात.

मिरजेचा तंबोरा
थांबा, थांबा. मी बोर्डो निरुपद्रवी आहे असं कुठं म्हणालो? पोर्तुगालमध्ये १९६९ साली द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांचा आजार नोंदला गेला, ‘व्हिनयार्ड स्प्रेअर्स लंग’ नावाने. वर्षानुवर्षं बोर्डोचं धुकं श्वासातून घेतल्याने फुप्फुसात तांबं भरलेल्या गाठी सापडल्या. मोरचूद डोळ्यात गेलं तर डोळा भाजतो. मातीत तांबं साठत जातं, गांडुळांना सोसत नाही. म्हणून युरोपात २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलोची मर्यादा आहे, आणि ती सेंद्रिय बागांनाही लागू आहे. मोरचूद खाणीतून आलं की कारखान्यातून, गांडुळाला काय फरक पडतो?

येरळाकाठ, तुमच्या गड्याला ऊन टाळण्यापेक्षा तोंडावर चांगला मास्क, डोळ्यांना गॉगल आणि हातात मोजे द्या. नाकाला उपरणं बांधून भागत नाही, बारीक थेंब त्यातून आत जातात.

भडंग
सर पण वेळेचं काय? आमचा मामा म्हणतो औषध कुठलंबी असू दे, उन्हात मारू नये.

येरळाकाठ
मामांचं गंधकाच्या बाबतीत बरोबर आहे. भुरीसाठी (हाही बुरशीचा रोग) गंधक भर उन्हात मारलं की पानं करपतात, हे आम्ही भोगलंय. बोर्डोचं उलट बघितलंय. ढगाळ हवा, पान ओलं राहिलं, वाळायला वेळ लागला की कोवळ्या पानावर डाग येतात.

मिरजेचा तंबोरा
तुमचं निरीक्षण पक्कं आहे. चुन्यामुळे तांबं अविद्राव्य रूपात पानावर बसतं आणि ओलाव्यात हळूहळू सुटतं. पान जितका वेळ ओलं, तितके आयन जास्त सुटतात. त्यात मिश्रण आम्लधर्मी राहिलं असेल तर आणखी जास्त. इथं ऊन शत्रू नाही. फ्रान्समध्ये मिलार्देने १८८५ मध्ये हे मिश्रण डाऊनीवर लागू केलं, तेव्हापासून मुद्दा हाच: तांबं बुरशीला मिळेल इतकं सुटायला हवं आणि पानाला बाधेल इतकं सुटता कामा नये.

आणि द्राक्षाच्या पानाची एक गंमत. वनस्पतींकडे फोटोलायेज नावाचं एन्झाइम असतं. ते निळा प्रकाश घेऊन त्याच प्रकाशाच्या जोरावर डायमर उकलतं. ऊन मोडतं, ऊनच जोडतं. जिवाणूवर्गात ही दुरुस्ती केल्नर यांनी १९४९ मध्ये दाखवली. वेल त्या बाबतीत आपल्यापेक्षा श्रीमंत आहे. माणसाकडे, किंबहुना वार असणाऱ्या कुठल्याच सस्तन प्राण्याकडे, हे एन्झाइम उरलेलं नाही. आपल्याला खराब तुकडा कापून नवा भरावा लागतो. ते काम जन्मतः बिघडलेलं असेल तर झेरोडर्मा पिगमेंटोसम होतो, मुलाला उन्हात जाताच येत नाही. क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये त्याचं कारण शोधलं. डीएनए दुरुस्तीवर २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, लिंडाल, मॉड्रिच आणि सांजार यांना.

आयर्विन (सांगली)
तंबोरासाहेब, लोह आणि प्रकाश हे शब्द वाचून राहवेना. मी सिव्हिलचा माणूस, नकाशांत आयुष्य गेलं. आमच्या उमेदीत अमोनिया प्रिंट आली होती, पण वरिष्ठांच्या कपाटात जुन्या खऱ्या ब्ल्यूप्रिंट होत्या. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा. ते लोहाचं काम असायचं असं ऐकून होतो. त्याचा आणि या विषयाचा काही संबंध?

मिरजेचा तंबोरा
संबंध? सख्खा! हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली पद्धत ती. कागदावर फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड लावायचं. ऊन पडलं की सायट्रेट आपला इलेक्ट्रॉन लोहाला देऊन टाकतो, फेरिकचं फेरस होतं आणि फेरस झालं की निळा रंग धरतो. नकाशाची रेघ जिथं ऊन अडवते तिथं कागद पांढरा राहतो.

आता त्याच नाट्याचा दुसरा अंक डीएनएजवळ लावा. फेंटनला फेरस लागतं. एकदा पेरॉक्साइडशी भिडलं की फेरसचं फेरिक होऊन बसतं आणि खेळ थांबतो. पण वर प्रकाश असेल तर तो फेरिकला पुन्हा फेरस करतो, फेऱ्यामागून फेरा चालू. याला फोटो-फेंटन म्हणतात. सांडपाण्यातले चिवट रंग मारायला ही युक्ती मुद्दाम वापरतात. म्हणजे प्रकाश, धातू आणि फ्री रॅडिकल हे त्रिकूट खरं आहे, फक्त त्याचा नायक तांब्यापेक्षा लोह आहे.

शरीरातलं म्हणाल तर लोह फेरिटिन नावाच्या पोकळ गोळ्यात बंद असतं. एका गोळ्यात ४५०० पर्यंत अणू मावतात. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठातल्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं की माणसाच्या कातडीच्या पेशींवर यूव्ही-ए टाकलं की फेरिटिन मोडतं आणि त्यातलं लोह सुटून पेशीत मोकळं होतं. मेसेज लिहिणाऱ्याने शिंतोड्यातल्या तांब्याऐवजी हे सांगितलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती.

भडंग
म्हंजे पालक बंद? बायकोला सांगतो सरांनी सांगितलंय.

मिरजेचा तंबोरा
अजिबात नाही! खाल्लेलं लोह रक्तात ट्रान्सफेरिन धरून नेतं, पेशीत फेरिटिन सांभाळतं. आपल्याकडच्या बायकांना लोहाची कमतरता हा रोजचा प्रश्न आहे. पालक खा, वहिनींनाही वाढा.

एमएस्सीचं रडगाणं (विश्रामबाग)
सर, नमस्कार. धागा वाचून रडू आलं, कारण माझं प्रोजेक्ट अगदी हेच आहे आणि ते वेड्यासारखं वागतंय. पीबीआर ३२२ प्लाझ्मिड (जिवाणूतलं छोटं गोल डीएनए) घेतलं, फेरिक सायट्रेट टाकलं. पेरॉक्साइड एक थेंबही टाकलेलं नाही. तरी खिडकीजवळच्या रॅकवरच्या नळ्यांत डीएनए तुटलंय. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या नळ्यांत नाही तुटलं. गाइड म्हणाले ईडीटीए टाक, धातू पकडेल, थांबेल. टाकलं, तरी थांबत नाही!! मैत्रिणीने डेफेरॉक्सामिन दिलं, त्याने मात्र एकदम स्वच्छ. हे काय आहे सर?

मिरजेचा तंबोरा
पोरी, तुझं प्रोजेक्ट मुळीच वेडं नाही, फार शहाणं आहे. जपून ठेव ते जेल.

पेरॉक्साइड कुठून आलं, तर प्रकाशानेच केलं. फेरिक सायट्रेटवर प्रकाश पडला की एकीकडे फेरस तयार होतं आणि दुसरीकडे इलेक्ट्रॉन गमावलेला सायट्रेटचा रॅडिकल. तो रॅडिकल ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो, सुपरऑक्साइड होतं, त्याचं पेरॉक्साइड होतं. म्हणजे फेंटनला लागणारी दोन्ही द्रव्यं त्याच नळीत, त्याच उजेडात तयार झाली. त्याला कडक ऊन लागतं असंही नाही, निळ्या प्रकाशापर्यंत हे चालतं. लॅबच्या ट्यूबलाइटकडेही संशयाने बघ.

ईडीटीएचं म्हणशील तर धातू पकडणं आणि धातूला गप्प बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईडीटीए लोहाला धरतं, पण एक बाजू उघडी ठेवतं. पाणी किंवा पेरॉक्साइड तिथून येऊन बसू शकतं. शिवाय त्या मिठीत फेरस लोह इलेक्ट्रॉन द्यायला उलट जास्त तयार होतं. त्यात फेरिक-ईडीटीए स्वतः प्रकाशात फेरस होतं. तू विझवायला म्हणून टाकलंस आणि ते चूल फुंकत बसलं. डेफेरॉक्सामिन मात्र लोहाला सहाही बाजूंनी आवळतं आणि फेरिक अवस्थेतच डांबून ठेवतं. थॅलेसेमियाच्या मुलांच्या अंगात रक्त देऊन देऊन साठलेलं लोह काढायला हेच औषध देतात.

लोह-ईडीटीएच्या या खोडीचा लोकांनी उपयोगही करून घेतला आहे. त्याच्यावर ऋण भार असतो, डीएनएवरही ऋण भार, म्हणून ते डीएनएला चिकटत नाही. जवळच्या द्रावात रॅडिकल तयार करत राहतं आणि डीएनए सगळीकडे सारखं तुटतं. जिथं एखादं प्रथिन बसलं असेल तेवढी जागा वाचते. प्रथिन कुठं बसतं ते शोधायची, फूटप्रिंटिंगची, ही पद्धत १९८० च्या दशकात आली.

एमएस्सीचं रडगाणं
सर!!! मग तांब्याचंही असंच असेल का? गाइड म्हणतात तांबं पण करून बघ.

मिरजेचा तंबोरा
तांब्याचं उलटं दिसेल. तांब्याला ईडीटीएने धरलं की ते बहुतेक गप्प बसतं. पण मॅनिटॉल टाकून बघ. लोह-ईडीटीएच्या नळीत मॅनिटॉल हायड्रॉक्सिल रॅडिकल वाटेत गिळतं आणि डीएनए वाचतं. तांब्याच्या नळीत मॅनिटॉल भरभरून टाकलंस तरी फारसा फरक पडायचा नाही. तांबं ग्वानिनला चिकटलेलं असतं, इजा तिथल्या तिथं होते, वाटेत गिळायला वाटच नसते. मग बॅथोक्युप्रॉइन टाकून बघ, ते क्युप्रस तांब्याला नेमकं उचलतं. आणि कॅटालेज, ते पेरॉक्साइड संपवतं. हे दोन्ही डीएनए वाचवतील. चार नळ्यांत तुझा निम्मा प्रबंध आला.

तुटण्याबरोबर ग्वानिनचं ८-ऑक्सोग्वानिन होतं, ते जेलवर दिसणार नाही. ते ‘सी’ ऐवजी ‘ए’शी जोडी जमवतं. पुढच्या पिढीत ‘जी’च्या जागी ‘टी’ येतो. तुटलेली दोरी पेशीला लगेच कळते, ही चूक मात्र खपून जाऊ शकते. मला विचारशील तर तुटण्यापेक्षा हीच वाईट.

हळद पेठ (सांगली मार्केट यार्ड)
इतका वेळ गप्प बसलो. आता सांगलीत धागा निघालाय आणि हळदीचं नाव नाही म्हणजे काय! हळद अँटीऑक्सिडंट, फ्री रॅडिकल मारते असं सगळ्या पाकिटांवर छापलेलं असतं. मग मजुराला हळदीचं दूध दिलं की विषय मिटला का?

मिरजेचा तंबोरा
तुमच्या गादीवर बसून हे सांगायला जरा धजावत नाही, पण सांगतो. कर्क्युमिन नळीत फ्री रॅडिकल गिळतं हे खरं. त्याच नळीत क्युप्रिक तांबं घातलं की कर्क्युमिन त्याला इलेक्ट्रॉन देऊन क्युप्रस करतं आणि डीएनए तुटायला लागतं. हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या हादी यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं. क जीवनसत्त्वही लोह आणि तांब्याबरोबर असंच वागतं. जो इलेक्ट्रॉन देऊन रॅडिकल शांत करतो, तोच इलेक्ट्रॉन धातूला देऊन नवे रॅडिकल पेटवतो. सोबत कोण आहे त्यावर ठरतं.

वर प्रकाशाचं वेगळंच. कर्क्युमिन निळा प्रकाश शोषतं आणि ऑक्सिजनला चेतवतं. दंतवैद्यकात निळ्या दिव्याखाली कर्क्युमिन वापरून जंतू मारायचे प्रयोग त्याच गुणावर चालतात. प्रकाशात कर्क्युमिन स्वतःही मोडतं. कपड्यावरचा हळदीचा डाग आया-बाया उन्हात वाळत टाकून घालवतात, तो असाच जातो.

हळदीच्या दुधाने काही बिघडत नाही. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार थोडं उतरतं. पण त्याने मास्कचं काम होत नाही.

हळद पेठ
पोती उन्हात ठेवू नका हे आमचे आजोबा सांगायचे, ते उगीच नाही तर. बरं, दर विचारू नका, आज पडलेत.

माणगंगा (आटपाडी)
सर, एक शंका. आई द्राक्षाच्या विरळणीला आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) जाते, दिवसभर उन्हात. मी तिला सनस्क्रीन आणून दिलं. त्यावर टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड लिहिलंय. आता धागा वाचून भीती वाटतेय, हे पण धातूच ना?

मिरजेचा तंबोरा
ताई, शंका रास्त आहे. टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील प्रकाशात खरंच रॅडिकल तयार करतं. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये त्यावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं होतं. १९९७ मध्ये बाजारातल्या सनस्क्रीनमधून काढलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडने नळीतलं डीएनए तोडल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा बराच गाजावाजा झाला. त्यावर तोडगा म्हणून कणांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचा थर देतात. आणि पुन्हा तेच, हे कण धड कातडीच्या मेलेल्या थरावरच राहतात. चिरलेल्या, सोललेल्या जागी लावू नये, बाकी खुशाल वापरावं. न लावता दिवसभर यूव्ही-बी घेण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

माणगंगा
ती लावत नाही हो, चिकचिकतं म्हणते. साडीवर पप्पांचा जुना फुल शर्ट आणि डोक्याला टॉवेल.

मिरजेचा तंबोरा
मग आईंचं चुकत नाही. जाड सुती शर्ट कुठल्याही ट्यूबपेक्षा वरचढ, घामाने पुसलाही जात नाही. फक्त चेहरा आणि मनगटं उघडी राहतात तेवढं बघा. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन बराच आधार देतं, पण ते पूर्ण भल्यातलं नाही. २०१५ मध्ये असं आढळलं की ऊन थांबल्यावरही मेलॅनिनच्या पेशींत तीनेक तास डायमर तयार होत राहतात. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड मिळून जे बनतं ते मेलॅनिनला चेतवतं, आणि मेलॅनिन ती ऊर्जा डीएनएला देतं. प्रकाशाचं काम अंधारात, प्रकाशाशिवाय.

भडंग
आयला, म्हंजे घरी येऊन पंख्याखाली बसल्यावर पण चालूच. हे लय झालं.

येरळाकाठ
सर, जाता जाता तणनाशकाचं विचारतो. पॅराक्वाट मारलं की कडक उन्हात तण संध्याकाळपर्यंत जळतं, ढगाळ असलं की दमानं जळतं. हे पण त्यातलंच का?

मिरजेचा तंबोरा
अगदी त्यातलंच. पानातल्या हरितलवकात ऊन इलेक्ट्रॉन पळवत असतं. पॅराक्वाट ते मध्येच उचलतं, ऑक्सिजनला देतं, सुपरऑक्साइड करतं आणि पुन्हा रिकाम्या हाताने इलेक्ट्रॉन घ्यायला येतं. ऊन जितकं जास्त, तितक्या खेपा जास्त. सुपरऑक्साइड लोह-गंधकाच्या प्रथिनांतून लोह सोडवतं, की फेंटन सुरू. पण पॅराक्वाटला माणसाच्या अंगात उन्हाची गरज नाही. फुप्फुसातल्या पेशी त्याला ओढून घेतात आणि इलेक्ट्रॉन तिथले एन्झाइम पुरवतात. त्यावर उतारा नाही. हा कॅन घरात, पाण्याच्या बाटल्यांजवळ, कधीच ठेवू नका. बोर्डोची भीती घालणारा मेसेज फिरतो आणि याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, याचा मला राग येतो.

येरळाकाठ
आमच्या शेडमध्ये कुलपात ठेवतो आजपासून. बोर्डो सकाळी लवकर मारणार, वारा पडलेला असतो आणि दहाला पान वाळतं. गड्याला मास्क आणि गॉगल आणतो. चुलते म्हणतायत त्या सरांना विचार, आम्ही लोखंडी विळा बुडवून मिश्रण तपासतो ते बरोबर का?

मिरजेचा तंबोरा
एकदम बरोबर. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, मिश्रणात मोकळं तांबं आहे. लोखंड इलेक्ट्रॉन देतं, तांबं घेऊन पात्यावर बसतं. चुना थोडा थोडा वाढवत थर चढायचा थांबेपर्यंत तपासायचं. एक टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. चुना जुना, हवेने मेलेला असेल तर किलोने भागत नाही. आणि कालवायला लोखंडी पिंप नको, प्लास्टिकचं घ्या, नाहीतर विळ्याचं काम पिंपच करत बसेल.

एमएस्सीचं रडगाणं
सर, शेवटचं. जेलचा फोटो काढताना यूव्ही टेबलवर जास्त वेळ ठेवलं की नंतर प्रत्येक लेनमध्ये तुटलेलं दिसतं का? आमच्याकडे लाइन असते, कुणीतरी टेबल चालूच ठेवतं.

मिरजेचा तंबोरा
जेल धावून झाल्यावर पट्ट्यांची जागा बदलत नाही, म्हणून त्याच फोटोत फरक दिसणार नाही. पण पट्टी कापून तेच डीएनए पुढे वापरणार असशील तर सांभाळ. एथिडियम ब्रोमाइड (पट्ट्या चमकवणारा रंग) लागलेल्या डीएनएवर यूव्ही पडलं की ते तुटतं, डायमरही होतात. ३६५ नॅनोमीटरचा दिवा असेल तर तो लाव, २५४ चा नको. पाण्यातून आणि फॉस्फेट बफरमधून लोह-तांबं आधीच येत असतं, म्हणून धातू धरून ठेवणाऱ्या चेलेक्स रेझिनमधून गाळून घे. नाहीतर तुझी ‘धातू नसलेली’ नळीसुद्धा खोटं बोलेल. ट्रिस बफर वापरत असशील तर बदल, तोही हायड्रॉक्सिल गिळतो. आणि अंधारातल्या नळ्या फॉइलमध्ये असल्या तरी त्याच रॅकवर ठेव, तापमान सारखं राहायला हवं.

एमएस्सीचं रडगाणं
ट्रिसच आहे सर. सोमवारी फॉस्फेट करते.